सिंधूकाकूंची उंच झालेली गाडी

गाडी चालवायला बसण्याआधी सिंधूकाकू चपला काढायच्या. रोज. एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल ढकलायच्या, मग दोन्ही उचलून शेजारच्या सीटखाली सरकवायच्या. अनवाणी पायाला क्लच नीट कळतो, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात पेडल तापलेलं असायचं. मग त्या रोपांसाठी भरून घेतलेल्या बाटलीतलं थोडं पाणी त्यावर शिंपडायच्या, पदरानं हात पुसायच्या आणि किल्ली फिरवायच्या.

गाडी म्हणजे पिकअप. पुढं दोघांना बसायला जागा आणि मागं उघडा हौदा. हौद्यात कुंड्या, मातीची पोती, शेणखत, कधी एखादं उंच वाढलेलं चाफ्याचं झाड आडवं निजवलेलं. दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं ‘पाटणकर रोपवाटिका’. त्यातला ‘वा’ रंगारी आधी विसरला होता, मग दोन अक्षरांच्या मध्ये त्यानं तो कसाबसा बसवला होता.

त्या आमच्या शेजारी राहायच्या, बाग सेवनिया नावाच्या वस्तीत. काका, म्हणजे रवींद्र पाटणकर, महाराष्ट्रातून बदली होऊन इथं, या हिंदी मुलखातल्या कारखान्यात आले होते. निवृत्तीनंतर नाशिकला परत जायचं ठरलेलं होतं. त्याआधीच ते गेले. गौरांग तेव्हा इंजिनिअरिंगला होता. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा काकूंनी सामानाच्या आधी कुंड्या हलवल्या. भाड्याच्या लोडिंग रिक्षातून त्या आल्या आणि निम्म्या फुटलेल्या निघाल्या. आई सांगते की काकू दारात उभ्या राहून खापऱ्या वेचत होत्या आणि एकदाही रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “यांना काय माहीत, आत काय आहे ते.”

त्यानंतर त्यांनी गाडी शिकायचं ठरवलं. ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस म्हणाला होता, “आंटी, कार सीख लो. ये तो माल ढोने की गाड़ी है.” काकू म्हणाल्या, “माल ही तो ढोना है, भैया.” ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या आणि प्रत्येक वेळी त्या माणसाचा आवाज काढायच्या.

कोलारच्या पलीकडे त्यांनी जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता. तिथं हिरवी जाळी बांधून रोपं वाढवायच्या आणि शाहपुऱ्यातल्या बंगल्यांत, होशंगाबाद रोडवरच्या सोसायट्यांत पोचवायच्या. कॉलेजला सुट्टी असली की मीही जायचे. कुंड्या उतरवायला मदत करायची आणि परतताना त्यांच्या शेजारी बसून कचोरी खायची, असा आमचा व्यवहार होता. काकू उंचीनं फारच लहान. सीटवर उशी ठेवूनही स्टिअरिंगच्या वर त्यांचं डोकं जेमतेम यायचं. चौकात एखादा पोलीस आधी रिकाम्या काचेकडं बघायचा, मग वाकून बघायचा आणि त्याला काकू दिसायच्या.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, गाडी अशी पुढं वाकलेली का दिसते? मागची बाजू उंच, नाक खाली.

“रिकामी आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. “मागच्या स्प्रिंगांचे पाटे ओझ्याच्या हिशेबानं बसवलेले असतात. पोती चढव, मग बघ कशी सरळ उभी राहते.”

आम्ही पोती चढवली आणि गाडी खरंच सरळ झाली.

गौरांग शिकून पुण्याला नोकरीला लागला. रोज संध्याकाळी फोन करायचा. काकू त्याला गौरू म्हणत, आणि बाकीच्यांसमोर म्हटलं की तो चिडायचा. एका पावसाळ्यात कोलारच्या वाटेवर काळ्या मातीत गाडी रुतली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, चिखल दारापर्यंत उडाला. गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत काकू आत बसून होत्या, सोबत तुळशीची रोपं आणि अर्धी बाटली पाणी. त्यांनी ती गंमत म्हणून फोनवर सांगितली. गौरांगला ती गंमत वाटली नाही.

“आई, तू हे सगळं बंद कर.”

“बरं. मग मी काय करू?”

याचं उत्तर त्यानं पुढच्या वर्षी आणलं.

त्या वर्षी काकू साठ वर्षांच्या झाल्या. गौरांगनं साठीशांत करायचं ठरवलं. ग्वाल्हेरहून काकूंच्या थोरल्या जाऊबाई मंगलाताई आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात आईच्या कानाशी पुटपुटल्या, “नवरा नसताना बाईची साठी करत नाहीत हो. आमच्याकडं तरी नाही.” हळू बोलल्या, पण घर लहान होतं. काकू कणकेचे दिवे वळत होत्या. त्यांचा हात थांबला.

गौरांग दारातून म्हणाला, “मोठी काकू, देवानं विचारलं तर माझं नाव सांग. पत्ता पण देतो, पुण्याचा.”

सगळे हसले. मंगलाताईही हसल्या, पण ओवाळायची वेळ आली तेव्हा ताट उचलायला बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. काका गेल्यानंतर काकूंना कुणी ओवाळलेलं नव्हतं. हळदीकुंकवाला त्या स्वतःच जात नसत, बोलावणं आलं तरी. ते साठ दिव्यांचं ताट पाटाशेजारी तसंच राहिलं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं कडेचे दोन दिवे विझले. तेव्हा गौरांगनं पंखा बंद केला, दिवे पुन्हा लावले आणि ताट स्वतः उचललं. त्याला ओवाळता येत नव्हतं. ताट उलट्या बाजूनं फिरवायला लागला, आई म्हणाली, “अरे, असं,” आणि मग आईनंही ताटाला हात लावला. मग मंगलाताई आल्या. मग बाकीच्या. काकू पाटावर अंग चोरून बसल्या होत्या. चेहऱ्यावर इतका उजेड होता की त्यांना डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

त्यानंतर गौरांग त्यांचे डोळे हातांनी झाकून त्यांना बाहेर घेऊन गेला.

पिकअप दोन दिवस सर्व्हिसिंगला गेली आहे, असं त्यानं सांगितलं होतं. ती आता दारात उभी होती. झेंडूची माळ घातलेली, आणि उंच. पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्पेसरचे लोखंडी ठोकळे घालून ते त्यानं उचलून घेतलं होतं, म्हणजे नाक आता खाली नव्हतं, मागच्या बाजूच्या पातळीत आलं होतं. खाली मोठे, रुंद, खोल खाचांचे काळे टायर. तशी गाडी मी रस्त्यावर कधीमधी बघितली होती, गॉगल घातलेल्या मुलांची. दारावरचा तो दाटीवाटीचा ‘वा’ आता माझ्या नजरेच्या वर होता.

“आई, आता चिखल बिखल विसर. अब कुछ भी आने दो.”

काकूंनी बॉनेटला हात लावायला हात वर केला. पूर्वी तो सरळ पोचायचा.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “केवढी मोठी झाली ही!”

त्यांनी लिंबू मागवलं, चाकाखाली ठेवलं, गाडीला कुंकू लावलं. सगळे म्हणाले, चालवून दाखवा. काकूंनी चपला काढल्या. एक पाय वर टाकून बघितला, मग दुसरा. जमेना. गौरांगनं त्यांना कमरेला धरून उचललं आणि सीटवर बसवलं. टाळ्या वाजल्या. काकूही हसत होत्या, तोंडावर पदर धरून, आणि खरंच हसत होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

गौरांग पुण्याला परत गेला. त्यानंतर गाडीत चढायचा प्रश्न काकूंनी त्यांच्या पद्धतीनं सोडवला. एका लाकडी पाटाला चार ठोकळे मारून घेतले आणि एका टोकाला सुतळी बांधली. पाटावर चढायचं, तिथून गाडीत, आणि बसल्यावर सुतळीनं पाट वर ओढून घ्यायचा. विहिरीतून बादली शेंदावी तसा तो पाट वर यायचा. समोरच्या मैदानातली मुलं खेळ थांबवून बघत. “आंटी हाथी पे बैठ रही हैं!” काकू वरून म्हणत, “हाथी का चारा कौन लाएगा? चलो, ये गमला उठाओ.”

पण स्टिअरिंग जड झालं होतं. पूर्ण वळवलं की पुढचे टायर आतल्या बाजूनं मडगार्डला घासत, खर्र असा आवाज येई, आणि सोसायटीच्या अरुंद गेटात तर पूर्ण वळवल्याशिवाय इलाजच नसे. ब्रेकही आता लवकर लागत नव्हता. गाडी थांबायला थोडा जास्त रस्ता घ्यायची. काकूंचा उजवा खांदा दुखायला लागला. त्यांनी आईकडून तेल मागून नेलं आणि म्हणाल्या, “थंडी बाधली असेल.”

चिखलात मात्र ती गाडी खरंच चालली. अवकाळी पाऊस झाल्यावर आम्ही कोलारच्या त्याच वाटेनं गेलो, आणि ती जिथं रुतली होती तिथून सरळ निघून गेली, आवाजही न करता. काकूंनी गाडी पुढं नेऊन थांबवली, मागं वळून चिखलातल्या त्या रुंद चाकोऱ्यांकडं बघितलं आणि लगेच गौरांगला फोन लावला. “अरे, कळलंसुद्धा नाही रे!” त्याचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. त्याला आनंद झाला होता.

पण चिखलाचा रस्ता थोडा होता. बाकी सगळं काम गल्ल्यांचं, गेटांचं, दारादारांतलं. आणि हौद्यात ओझं भरलं की आता नवीनच काहीतरी व्हायचं. पूर्वी ओझ्यानं सरळ होणारी गाडी आता मागं बसायची आणि तिचं नाक आकाशाकडं उचललं जायचं. समोरचा रस्ता काकूंना दूरवरचा दिसायचा. जवळचा बॉनेटखाली गडप व्हायचा. त्यांनी उशीवर उशी ठेवली. मग पाय क्लचला पुरेनात.

शाहपुऱ्याला तळ्याजवळच्या एका बंगल्यात मोगऱ्याच्या आणि अरेका पामच्या कुंड्या पोचवायच्या होत्या. सोबत मातीची पोती होती, त्यामुळं गाडी चांगलीच मागं झुकलेली. बंगल्यासमोर काकूंनी गाडी थांबवली, गेट उघडलं गेलं आणि त्यांनी ती आत घ्यायला सुरुवात केली. मी खाली उतरले होते, मागच्या कुंड्यांकडं लक्ष होतं माझं. तेवढ्यात पुढून सायकलची घंटी वाजली. लहान मुलांच्या सायकलला असते तशी, बारीक.

काकूंनी ब्रेक दाबला. एक कुंडी हौद्यात आडवी झाली. गाडीच्या पुढ्यातून, अगदी बंपरला खेटून, तीन चाकांच्या सायकलवर एक पोरगी बाहेर आली, चार वर्षांची असेल, मान खाली घालून पेडल मारत. तिला काही कळलंही नव्हतं. घंटी वाजवत ती फाटकापलीकडं गेली. आतून तिच्या आजीनं हाक मारली, “पीहू, टोपी कहाँ है तेरी?”

काकू खाली उतरल्या नाहीत. मी दार उघडलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पाय अजून ब्रेकवर दाबलेला होता.

“मला ती दिसलीच नाही, संपदा.”

“काकू, काही झालं नाही. गेली ती.”

“घंटी वाजवली म्हणून कळलं. नसती वाजवली तर?”

कुंड्या आम्ही हातांनी आत नेल्या. पोती बंगल्याच्या माळ्यानं उचलली. सगळं झाल्यावर काकू गेटाजवळच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “कुणाला तरी बोलव. मी नाही नेणार ही घरी.” आमच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं गाडी बाग सेवनियाला आणून सोडली. त्यांच्या चपला सीटखालीच राहिल्या होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिल्या.

गाडी चालवता येणं म्हणजे काकूंसाठी रोपवाटिका होती, सकाळ होती, लोकांच्या दारात स्वतःच्या नावानं उभं राहणं होतं. ती गाडी पूर्वीसारखी करून घेणं एवढंच करायचं होतं. मी त्यांना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो. आपण जाऊ.”

काम ज्यानं केलं तो अशोका गार्डनला होता, रेल्वे लायनीच्या बाजूला. नफीसभाई. दुकानासमोर टायरांच्या चवडी, वर टांगलेला एक पोपटाचा पिंजरा, आणि आगगाडी गेली की सगळंच थरथरायचं, पोपटासकट. त्यानं माणूस पाठवून पिकअप आणवली होती. आम्ही दोघी मागून रिक्षानं गेलो.

“अम्मा, हो जाएगा,” तो म्हणाला. “स्पेसर निकाल देंगे, पुराने पहिये रखे हैं मेरे पास. लेकिन बेटे ने इतने शौक से करवाया था. फोटो लेके आया था मोबाइल में, बोला, भाईजान, ऐसी ही चाहिए, अम्मी के लिए. मैंने कहा, मियाँ, अम्मी कित्ती लंबी हैं? बोला, दिल से बहुत लंबी हैं.”

काकू हसल्या. “तो लहानपणापासून असाच आहे,” त्या त्याला मराठीतच म्हणाल्या.

गाडी जॅकवर चढली. पुढचं एक चाक निघालं. त्या जागी नुसता गंजलेला तबकडीसारखा भाग दिसायला लागला, आणि गाडी अचानक केविलवाणी वाटली, एक पाय वर उचलून उभी राहिल्यासारखी. काकू स्टुलावर बसून चहा पीत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचा खांदा सैल दिसत होता. त्या मला सांगत होत्या की आता पावसाळ्याआधी कोलारला शेवंतीची रोपं टाकायची, आणि चिखलाच्या दिवसांत फाट्यापर्यंतच जायचं, पुढं पोती डोक्यावर.

तेवढ्यात फोन वाजला. गौरांग, व्हिडिओवर.

“आई, कुठंयस? मागं काय आहे ते? अरे, हा तर नफीसभाईचा पोपट! काय झालं गाडीला?”

काकूंनी फोन जरा वळवला, जॅकची बाजू मागं जाईल असा.

“काही नाही रे. हवा बघायला आले.”

“सही. थांब, थांब, फोन ठेवू नकोस.” त्यानं कुणाला तरी बोलावलं. ऑफिसमधले दोघं तिघं पडद्यावर डोकावले. “ही माझी आई. पिकअप चालवते. मी फोटो दाखवला होता ना? तीच.” ते लोक म्हणाले, “नमस्कार काकू, एकदम भारी.” काकूंनी एका हातानं पदर सारखा केला आणि नमस्कार केला. मग ते गेले, आणि गौरांग एकटा राहिला. त्याचा आवाज खाली आला.

“आई, एक सांगू? बाबा गेल्यानंतर तू तशी हसलेली मी त्या दिवशीच पाहिली. मी तुला उचलून गाडीत बसवलं तेव्हा.”

लायनीवरून मालगाडी चालली होती.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग उठून नफीसभाईला म्हणाल्या, “भैया, वही पहिया वापस लगा दो.”

“कौन सा, अम्मा?”

“वही. बड़ा वाला.”

तो माझ्याकडं बघायला लागला. “पक्का?”

“पक्का.”

परतताना रिक्षात मी त्यांना म्हटलं की काकू, सांगून टाका त्याला. तो काही रागावणार नाही.

“रागावला असता तर सांगितलंच असतं गं,” त्या म्हणाल्या. “रागावलेल्या मुलाला कसं समजवायचं ते मला येतं.”

प्रभात चौकाजवळ सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाल्या, “त्यानं ताट हातात घेतलं ना, तेव्हा सगळ्या बायका बघत होत्या. उलटं फिरवत होता, वेडा.”

रोपवाटिका एकदम बंद पडली नाही. काही दिवस लोडिंग रिक्षा लावून पाहिली. कुंड्या फुटायला लागल्या. एकदा एका रिक्षावाल्यानं जास्वंदीची रोपं उन्हात ठेवून जेवायला वेळ घालवला आणि ती दारात पोचली तेव्हा काकूंना ओळखता येईनात. शाहपुऱ्याच्या बाईंनी दुसरीकडून झाडं घ्यायला सुरुवात केली. भाड्यानं घेतलेला कोलारचा तुकडा सुटला. हिरवी जाळी घडी घालून काकूंनी पलंगाखाली ठेवली. घरासमोर उरल्या तेवढ्या कुंड्या राहिल्या, आणि गाडी.

गाडी गल्लीत निंबाखाली उभी असायची. काकू ती रोज पुसत. रोज संध्याकाळी गौरांग विचारायचा, गाडी कशी आहे, आणि मी कितीतरी वेळा शेजारी बसून ऐकलं आहे: “मस्त. आज होशंगाबाद रोडला गेले होते.” “हो, कोलारला पण.” “छे, खांदा कसला दुखतोय.” ज्या बाईला गिऱ्हाईकाला रोप जगेल की नाही याबद्दलसुद्धा खोटं सांगता येत नसे, ती आता फोनवर अख्खा रस्ता रचून सांगायची, कुठं गर्दी होती, कुठं खोदून ठेवलंय.

दिवाळीला तो येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. कुंडीतली काळी माती बादलीत कालवली होती.

“संपदा, मला वाकवत नाही. त्या टायरांना एवढं लाव.”

मी त्यांच्याकडं बघितलं.

“नवेकोरे दिसतायत गं,” त्या म्हणाल्या. “तो खाली बसून बघतो.”

आम्ही दोघींनी मिळून टायरांच्या खाचांत चिखल भरला. मी खालच्या बाजूनं, त्या पाटावर बसून वरच्या बाजूनं. थोडा मडगार्डवरही उडवला. दिवाळीच्या आधी लोक भिंती सारवतात, रंगवतात. आम्ही गाडी मळवत होतो. मध्येच मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. त्या म्हणाल्या, “नंबरावर पण टाक जरा. फार स्वच्छ दिसतोय.” मग त्यांनी हात झटकले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हसून हसून आलं होतं की कशानं, हे मला सांगता येणार नाही.

गौरांग आला तो आधी गाडीपाशी गेला. “वा आई! ऑफ रोड!” त्यानं पाईप लावून चिखल धुवायला घेतला. धुऊन झाल्यावर आत बसला आणि म्हणाला, “पण हे किलोमीटर एवढेच कसे? माझ्या हिशेबानं जास्त व्हायला हवे होते.”

मी कुंड्यांना पाणी घालत होते. मी पुढच्या कुंडीकडं वळले.

“मोठे टायर लावले की मीटर कमी दाखवतं,” काकू दारातून म्हणाल्या. “चाक एकदा फिरलं की जास्त रस्ता कापतं, पण मीटरला ते कळत नाही. नफीसभाई सांगत होता.”

हे खरंच होतं. फरक थोडासाच पडतो, एवढं त्यांनी सांगितलं नाही.

गौरांग हसायला लागला. “काय बात आहे! आई, तू तर मेकॅनिक झालीस.” तो त्यांना फिरायला घेऊन गेला. त्या म्हणाल्या, “तू चालव. मला तुझ्या शेजारी बसायचंय.” त्यानं त्यांना उचलून बसवलं. या वेळी तो म्हणाला, “आई, किती हलकी झालीयेस गं.” गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा टायर मडगार्डला घासल्याचा आवाज आला.

थंडीत काकूंना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, चार दिवस ठेवून घरी पाठवलं, गोळ्या दिल्या आणि जिने चढू नका म्हणाले. गौरांग सुट्टी काढून आला. घरातून काम करायचा आणि मधून मधून बाहेर येऊन आईच्या अंगावरची शाल नीट करायचा. त्यानं त्यांना सांगितलं की आता तो त्यांना पुण्याला नेणार, गाडीसकट. काकू म्हणाल्या, “बघू.” गाडीबद्दल त्या त्याला शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि मला बोलू नकोस असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. त्याची गरजच त्यांना वाटली नसावी.

त्या सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. त्यांची खुर्ची आम्ही फाटकाजवळ आणली. त्या गुलाबाच्या सुकलेल्या फांद्या कुठून छाटायच्या ते मला बोटानं दाखवत होत्या, कारण बोलताना दम लागत होता. समोर मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू सारखा आमच्या गल्लीत यायचा. गौरांग गोळ्या आणायला निघाला. पायीही जाता आलं असतं, पण त्यानं पिकअपची किल्ली घेतली. आईला बरं वाटेल, असं त्याच्या मनात असावं.

तो औषधाच्या दुकानातून परतला तेव्हा काकू खुर्चीतच होत्या, मान जराशी उजवीकडं कललेली. मी आत पाणी आणायला गेले होते, तेवढ्यात. मला वाटलं, डोळा लागला. गौरांगला दुरूनच कळलं. गाडी त्यानं गल्लीत मध्येच सोडून दिली, दार उघडं ठेवून.

पुढं तो ती गाडी घेऊन पुण्याला गेला. जाताना माझ्या आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “तिला शेवटचे दिवस तरी ही गाडी चालवता आली.” आई माझ्याकडं बघत होती. मी हो म्हटलं.

त्या सकाळी गोळ्या आणायला निघताना तो गाडीत चढला, त्यानं इंजिन सुरू केलं, तेव्हा काकूंनी खुर्चीतून हात वर करून काहीतरी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून त्यानं काच खाली घेतली आणि ओरडून विचारलं, “काय?” काकूंनी दम घेतला.

“आधी खाली उतरून पुढं एकदा बघून घे रे, गौरू. आणि येताना दही आण थोडं, घरात विरजणालासुद्धा नाहीये.”